घर टकात गेलं

शेवटचं खोकं खाली गेलं तेव्हा चिमी बाल्कनीच्या जाळीला नाक लावून उभी होती. आठ मजले खाली आमचा सोफा, आमचं कपाट, तिची लाल प्लास्टिकची खुर्ची, सगळं एकामागून एक ट्रकच्या पोटात जात होतं. हमालाने मागचं दार लावलं, कडी घातली. चिमी वळली, रिकाम्या हॉलकडे बघितलं आणि एकदम शांतपणे म्हणाली, "आई, घल टकात गेलं."

मी हसले. निखिलने व्हिडिओ काढायला मोबाईल घेतला, तोवर तिचं म्हणून झालं होतं. आपली पोट्टी किती गोड बोलते, एवढंच आम्हाला तेव्हा वाटलं. ती एक माहिती देत होती, हे कळायला आम्हाला पाच दिवस आणि हजारावर किलोमीटर लागले.

नोएडात आम्ही सहा वर्षं काढली. निखिलला नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी मिळाली, माझं काम घरूनच, तेव्हा परत नागपूरला यायचं ठरलं. मानेवाड्यात सासूबाईंच्या दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने फ्लॅट बघून ठेवला होता. आता जायचं कसं? सगळ्यांचं एकच म्हणणं: तू पोरीला घेऊन विमानाने ये, नाहीतर रात्रीच्या गाडीने ये, सकाळी नागपूर. नागपूरच्या महाल भागातून माझ्या बाबांचा रोज फोन. "काहून एवढा उपद्व्याप करून राहिली? एवढंसं लेकरू, मार्चचं ऊन." म्हणणं बरोबरच होतं. पण आमची कार कोणीतरी आणायचीच होती. निखिलला गाडी चालवता येते, फक्त हायवेवर त्याला झोप येते, हे लग्नाच्या वर्षीच कळलेलं. म्हणजे चालवणार मी. मी रस्त्याने जाणार म्हणजे चिमीही रस्त्याने, कारण आई रात्री दिसली नाही तर ती काय करते ते आम्हाला माहीत होतं.

ट्रक आम्ही पार्ट लोडमध्ये घेतला होता. म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान, पैसे कमी, आणि सामान कधी पोचेल ते देवाच्या हातात. पॅकर्सवाला म्हणाला, चार दिवस. मी बिल्टीवर तारीख लिहून मागितली तर म्हणाला, "मॅडम, भरोसा रखिए." इथेच मी सावध व्हायला हवं होतं. वापरलेल्या घरगुती सामानाला मालवाहतुकीचं ई-वे बिल लागत नाही, पण सामानाची यादी नि ओळखपत्राची प्रत ड्रायव्हरजवळ दिली. गॅस सिलेंडर ट्रकवाले घेत नाहीत, तो नि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घेतलं. तो कागद दाखवला की दुसऱ्या गावात कनेक्शन मिळतं. कारसाठी आरटीओची एनओसी काढली. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि जुन्या आरटीओकडचा हा कागद नंतर नागपुरातून मागवत बसणं म्हणजे डोक्याला ताप. ही कागदांची कामं निखिलने केली आणि चोख केली. माझ्याकडे चिमीच्या सामानाची जबाबदारी होती आणि त्यात मी माती खाल्ली, ते पुढे येईलच.

कारमध्ये काय ठेवायचं यावर आमची दोन रात्री भांडणं झाली. शेवटी डिक्कीत गेलं ते असं: एक बॅग कपड्यांची, चिमीची पॉटी, एक लिटरचा छोटा राइस कुकर, विजेची किटली, भाजून भरड काढलेले मुगाची डाळ-तांदूळ, नाचणीचं सत्त्व, राजगिऱ्याचे लाडू, मुरमुरे, दोन उशा, तिची पातळ गादी, तुळशीची कुंडी. आणि पंचे. सहा घेतले होते, दहा घ्यायला हवे होते. पंचा अंगाला पुसायला होतो, मांडीवर पसरायला होतो, उन्हाच्या बाजूच्या खिडकीत अडकवायला होतो, ओला करून मानेवर ठेवायला होतो. लहान मुलाबरोबर प्रवासात एकच वस्तू न्यायची असं कोणी म्हटलं तर मी पंचाच म्हणेन.

मागच्या सीटवर डावीकडे तिची कार सीट, तिच्या शेजारी निखिल. पायाशी खेळण्यांचं टोपलं. पुढे मी एकटी, आणि बाजूच्या सीटवर बेल्ट लावलेली तुळस.

पहाटे साडेचारला निघालो. चिमीला झोपेतच उचलून सीटमध्ये ठेवलं, पट्टे लावले, ती हललीसुद्धा नाही. आम्ही दोघं आरशात एकमेकांकडे बघून हसलो. यमुना एक्सप्रेसवे ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत 165 किलोमीटर सरळसोट आहे. अंधारात, रिकाम्या रस्त्यावर, पोर झोपलेली. माझा हिशेब तयार होता: नऊला ग्वाल्हेर, दुपारी झाशी, रात्री सागर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर. दोन दिवसांत मोकळे!

साडेसहाला ती उठली. निखिलने थर्मासमधलं दूध दिलं. आग्र्याच्या वळणावर ते सगळं बाहेर आलं.

कार सीटचं कापड निघतं, धुता येतं. पट्टे निघत नाहीत. आणि बकलच्या फटीत गेलेलं दूध कुठल्याही पंच्याने निघत नाही, हे मी पेट्रोल पंपाच्या नळाशी उकिडवी बसून शिकले. एक भला माणूस हवा भरायच्या मशीनचा पाइप घेऊन आला आणि त्याने फटीत हवा मारली. तेवढं बरं झालं. वास मात्र पुढचे चार दिवस आमच्याबरोबर होता. तेव्हापासून चालत्या गाडीत दूध बंद. निघायच्या आधी तासभर काही द्यायचं नाही, आणि गाडीत फक्त कोरडं: मुरमुरे, लाडूचा तुकडा, पाण्याचे घोट.

आग्रा सोडलं की धौलपूरचा राजस्थानचा एक छोटा तुकडा लागतो, मग चंबळ, मग मध्य प्रदेश, पुढे झाशी-ललितपूरला परत उत्तर प्रदेश, मग पुन्हा मध्य प्रदेश. निखिलला दर हद्दीला "बेटा, आता आपण अमुक राज्यात आलो" असं सांगायची हौस. चिमीला राज्यांचं काय? तिला म्हैस दिसली की बस्स. चंबळच्या दोन्ही बाजूंना मातीच्या घळींची ती विचित्र जमीन, ज्यात एकेकाळी डाकू लपायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मागून आवाज आला, "खोल." मग जोरात, "खोल!" तिने छातीवरच्या पट्ट्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि जी काही रडायला लागली की बीहड राहिले बाजूला.

त्या तासाबद्दल लिहायलाच हवं, कारण असं काही होतं हे कोणी आधी सांगत नाही. रडणं म्हणजे कुरकुर नव्हे. पाठीची कमान करून, घाम फुटेपर्यंत, श्वास अडकेपर्यंत रडणं, बंद गाडीत, आणि तुम्ही शंभरच्या आसपास वेगाने ट्रकांच्या मधून चाललेल्या. निखिलचाही धीर सुटला. "जरा वेळ मांडीवर घेतो ना, पाच मिनिटं." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तू मागे बसून बघ मग." मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला कचाकचा भांडलो. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, तो मुद्दा नव्हता. पाच मिनिटं म्हणून बाहेर काढलेलं मूल पुन्हा आत बसत नाही, हा मुद्दा होता. एकदा काढलं की रडण्याने पट्टा सुटतो हे तिला कळणार आणि मग नागपूरपर्यंत सीट नुसती शोभेला. ठरवलं असं, की काढायचं तर गाडी थांबवून, आणि थांबलो तर किमान वीस मिनिटं. रडली तरी चालत्या गाडीत नाही. हा नियम शेवटपर्यंत पाळला. अभिमान वाटावा असं त्या प्रवासात एवढंच आहे.

दतियाच्या अलीकडे एका ढाब्यावर दीड तास गेला. खाटेवर गादी टाकली, चिमी कोंबड्यांच्या मागे पळाली. ढाबेवाल्या आजीने चहा पुढे केला नि विचारलं, "गाड़ी बहू चला रही है?" मी हो म्हटल्यावर तिने निखिलला नीट निरखून बघितलं, हातपाय शाबूत आहेत का असं. त्याने लगेच चिमीची पॉटी धुवायला घेतली.

झाशीला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. सागर अजून दोनशे किलोमीटर. मी म्हटलं, इथेच थांबू.

रात्री बाबांचा फोन. बाबा इतिहासाचे मास्तर होते, रिटायर झाले तरी तास चालूच. "अगं झाशी, सागर, ग्वाल्हेर, सगळा आपल्या लोकांचा मुलूख. सागर तर गोविंदपंत बुंदेल्यांचं. मराठे घोड्यावरून दिवसाला केवढी मजल मारायचे, तुम्ही एसी गाडीत बसून झाशीलाच टेकले?" मी म्हटलं, बाबा, त्यांच्या मागे चिमी नव्हती बसलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशा बंद केला. म्हणजे रस्ता विचारायला ठेवला, पण "पोचायची वेळ" बघायची नाही असं ठरवलं. चिमी सकाळी दोन तास बरी असते, मग तासभर वैतागते, मग साधारण साडेअकरा ते दीड झोपते. मग आपणही सकाळी तासभर चालवायचं, मोकळी जागा बघून तिला मनसोक्त पळवायचं, जेवू घालायचं, आणि ती झोपली की जेवढं कापता येईल तेवढं कापायचं. ती उठेल तिथे थांबायचं, मग तिथे काही असो वा नसो. हे कळल्यावर गाडी चालवणंच बदललं. मी रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघत होते असं निखिल म्हणतो. मी म्हणते तसं नव्हतं.

ती उठली मालथौनच्या पुढे, गव्हाच्या शेतांमध्ये. कापणी चालू होती. शेतात केवढं तरी लाल हार्वेस्टर, मागे धुळीचा ढग. मार्चमध्ये ही यंत्रं पंजाबातून खाली उतरतात आणि गहू जसा पिकत जाईल तशी गावोगाव फिरतात. हायवेवर आम्हाला आदल्या दिवसापासून दिसत होती, अर्धा रस्ता अडवून चाललेली. चिमीने ते पुढचं फिरणारं रहाट बघितलं आणि तिची बोलतीच बंद झाली. पाऊण तास. बांधावर बाभळीच्या सावलीत बापाच्या खांद्यावर बसून पाऊण तास ती ते यंत्र जाताना आणि येताना बघत होती. माझ्या मूळ हिशेबात तोवर आम्ही लखनादौनच्या पुढे असायला हवे होतो. ड्रायव्हर सरदारजींनी जाताना हात केला. तिने केला नाही. ती कामात होती.

सागरला संध्याकाळी तिचं अंग गरम लागलं. रात्री 101 ताप आणि चार वेळा जुलाब. आता माझी माती. हॉटेलवाल्याने जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा पत्ता दिला, आम्ही गेलो, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वज़न कितना है?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुसरा प्रश्न, लसी? लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या नोंदी, आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी, सगळं एका निळ्या फाइलमध्ये नीट लावलेलं होतं आणि ती फाइल "महत्त्वाचे कागद" असं लिहिलेल्या खोक्यात, आणि ते खोकं ट्रकमध्ये. गाडीची कागदपत्रं जवळ होती, घराचा करारनामा जवळ होता, गॅसचं व्हाउचरसुद्धा जवळ होतं. पोरीचं काही नव्हतं. निखिलच्या मोबाईलमध्ये कार्डाच्या एका पानाचा फोटो सापडला, आधीच्या पावसाळ्यातला.

डॉक्टर रागावले नाहीत. काट्यावर ठेवलं, साडेअकरा किलो. तापाच्या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, म्हणून विचारलं असं म्हणाले. ओआरएसचं पाकीट उघडून त्यांनी मला समोर करून दाखवलं: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, थोडं ग्लासात असं नाही, आणि घोट घोट, चमच्याने. जुलाब थांबले तरी झिंकचं औषध चौदा दिवस पुरं करायचं. आणि उद्या कुठेही जायचं नाही. मग चिठ्ठी लिहिता लिहिता, "आप लोग मराठी हैं न? सागर में बहुत पुराने मराठी परिवार हैं." फोनवर हे ऐकून बाबांना एवढा आनंद झाला की नातीचा ताप विचारायचा राहिला. मग पुन्हा फोन करून विचारला.

एक अख्खा दिवस हॉटेलच्या खोलीत. राइस कुकरमध्ये मऊ खिचडी, मीठ नि चिमूटभर हिंग. दिवसभर ती खिचडीचे चार घास, ओआरएस आणि झोप एवढ्यावर होती. संध्याकाळी उठली, खाली उतरायचं म्हणाली. आम्हाला वाटलं पळायचं असेल. ती सरळ गाडीपाशी गेली आणि दाराला हात लावून उभी राहिली. आम्ही दार उघडलं नाही. उगाच कशाला, उद्या बसायचंच आहे की.

पुढचा टप्पा सागर ते सिवनी, अडीचशेच्या आसपास. ताप उतरलेला, पोरगी जरा मऊ पडलेली पण हसरी. देवरीच्या पुढे बरमानला नर्मदा लागली. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने परिक्रमावासी चालले होते, पांढऱ्या कपड्यांत, काठी नि कमंडलू घेऊन, एक आजी आमच्या सासूबाईंच्या वयाची. आम्हाला गाडीत चार दिवस निभेना. चिमीने त्यांना टाटा केला, आजीने काठी वर करून "नर्मदे हर" म्हटलं. करेलीला गूळ घेतला, तिथला गूळ प्रसिद्धच आहे. भेलीच्या भेली रचून ठेवलेल्या. दुकानदाराने चिमीच्या हातावर खडा ठेवला. जुलाब नुकते थांबलेले म्हणून मी तो काढून घेतला, आणि नरसिंहपूरपर्यंत त्या गुळाचं सुतक पाळलं गेलं.

लखनादौनला आपला जुना सात नंबरचा रस्ता येऊन मिळतो. आता झाशीपासून खाली सगळाच 44 नंबर झाला आहे, पण बाबा अजून सात नंबरच म्हणतात आणि मलाही तेच येतं. इथून वाटायला लागलं की आलो.

सिवनीच्या हॉटेलात ती झोपेना. नऊ वाजले, दहा वाजले, साडेदहा. गादी तिची होती, उशी तिची होती, मी शेजारी होते. ती उठून दाराशी जायची आणि म्हणायची, "घली जायचं." निखिल म्हणाला, उद्या घरी जायचं, आता निन्नी. "घली जायचं." नागपूर? "नाही." आजीकडे? "नाही." नोएडाला? तिने असं बघितलं की काय विचारतो हा माणूस! शेवटी अकराला वैतागून मी तिला कडेवर घेऊन खाली आले, दोन चकरा मारू म्हणून. पार्किंगमध्ये आल्याबरोबर तिने कारकडे बोट केलं. "घल."

मी दार उघडलं. ती स्वतः सीटवर चढली, पट्टे खांद्यावर ओढून घेतले, टोपल्यातला कापडी ससा काढून त्याला शेजारी बसवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दाल लाव." ज्या पट्ट्यांवरून चंबळला आकाशपाताळ एक झालं तेच पट्टे. दहा मिनिटांत झोपली. मी काचा उघड्या ठेवून पुढच्या सीटवर तुळशीजवळ बसून राहिले आणि मला एकदम तो ट्रक आठवला. तिची गादी, पॉटी, कुकर, टोपलं, आई आणि बाबा, जे जे टकात गेलं नव्हतं ते सगळं इथेच तर होतं. दूध ओकलेला वाससुद्धा.

पहाटे पाचला निघालो, तिला न हलवता. कुरईच्या घाटात उजाडलं. मोहाची फुलं वेचायला बाया-पोरं झाडाखाली वाकलेली, टोपल्या भरत आलेल्या. काच खाली केली तर तो गोड, आंबूस वास आत आला. पेंचमधून जाणारा रस्ता आता बघण्यासारखा झाला आहे. गाड्यांचा आवाज नि हेडलाइटचा उजेड जंगलात जाऊ नये म्हणून जागोजागी कडेला उंच आडोशाच्या भिंती, आणि रस्ता वर उचलून खालून जनावरांना वाट. आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला असे नऊ मार्ग आहेत, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत, आणि त्यांतून वाघ गेल्याचे कॅमेऱ्यातले फोटो आहेत. निखिल चिमीला सांगत होता, "आपल्या खालून वाघ जातो." ती जागी झाली होती. तिने पाय वर घेतले.

खवासा. देवलापार. मनसरला तर्री-पोहे, आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. नोएडात सहा वर्षं "धनिया" म्हणून म्हणून जीभ वाकडी झाली होती, इथे मी मोठ्याने म्हटलं, "भाऊ, सांबार जास्त टाका." तर्रीने नाकातून पाणी आलं. चिमीला नुसते पोहे, तेही चार दाणे.

कन्हानचा पूल, कामठी, ऑटोमोटिव्ह चौक, मग तो वर मेट्रो-खाली पूल असा दुमजली प्रकार. सकाळचे साडेनऊ आणि ऊन भाजणारं. मानेवाड्यात गेटवर सासूबाई भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. ओवाळून टाकला, चिमीच्या गालावरून बोटं मोडली आणि पहिलं वाक्य, "माय, पोट्टी किती वाळून गेली! पाच दिवस उपाशी ठेवली का लेकराला?" बाबाही महालातून येऊन बसलेले. म्हणाले, "पाच दिवस." एवढंच. पुढचं मला ऐकू आलं.

फ्लॅट रिकामा. पांढऱ्या भिंती, बोलाल ते घुमतं. चिमी दारातून आत आली, प्रत्येक खोलीत जाऊन बघून आली, आणि निखिलचं बोट धरून जिन्याकडे ओढायला लागली. तिचं बरोबर होतं. इथे काहीच नव्हतं, घर कसं असेल?

ट्रक चार दिवसांत यायचा तो आम्ही पोचल्यावर नऊ दिवसांनी आला. फोन केला की "मॅडम, निकल गया है," आणि निघून गेलेला तो ट्रक रोज कुठून तरी नव्याने निघत होता. ते नऊ दिवस आम्ही सासूबाईंच्या दोन गाद्यांवर, उसन्या भांड्यांवर आणि कारमध्ये काढले. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की चिमीला कारमध्ये बसायचं असायचं. कार खाली पार्किंगच्या सावलीत. चारी दारं उघडी आणि आमच्यापैकी एक जण शेजारी, हे ठरलेलं, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडी म्हणजे भट्टी, तिथे पोराला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. वरणभाताची वाटी तिथेच. ससा तिथेच. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "कुठी निघाले का?" पहिले दोन दिवस समजावून सांगितलं. मग मी नुसती "हो" म्हणायला लागले.

ट्रक आला तो भर दुपारी. वॉशिंग मशीनचा ड्रम सुटून आतल्या आत आपटलेला, कारण नोएडात मागचे बोल्ट लावायचे राहिले होते. ते बोल्ट स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, पिशवीत, "हे लावायचे" अशी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेले. निळी फाइल सुखरूप. लोखंडी कूलर मी नोएडात विकून टाकला होता, ते एक चांगलं केलं. इथे नवीन घेतला, ताट्यांसकट, घरपोच. फ्रिज आला तसा उभाच ठेवून दिला, रात्री चालू केला.

हमाल एकेक नग वर नेत होते आणि चिमी पार्किंगमध्ये उभी राहून बघत होती. मला वाटलं होतं, ती आता काहीतरी म्हणेल. निखिलने तर मोबाईल तयारच ठेवला होता. सोफा गेला, कपाट गेलं, ती गप्प. मग एका हमालाच्या डोक्यावर तिची लाल खुर्ची दिसली. ती धावत गेली, त्याच्या पँटला धरलं आणि कारकडे बोट केलं.

"इथे ठेव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी डिक्की उघडून दिली. खुर्ची अजून तिथेच आहे, तुळस मात्र वर नेली.